फॉर्म बी, स्ट्रक्चरल ऑडिट आणि आपली जुनी इमारत: नियम बदलतात ते आपल्यापर्यंत पोचतात का?

टेरेसवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

विरारची रमाबाई अपार्टमेंट ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीच्या आदल्या रात्री कोसळली, १७ माणसं गेली. त्याआधी कुर्ल्याचं नाईक नगर (२०२२), महाडची तारिक गार्डन (२०२०), डोंगरीची केसरबाई (२०१९), घाटकोपरची साईदर्शन (२०१७), मुंब्र्याची लकी कंपाउंड (२०१३, तिथे ७४ जण गेले). प्रत्येक वेळी चौकशी समिती, प्रत्येक वेळी "नियम कडक करणार". मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे म्हणून हे नियम वाचायला बसलो, आणि जे समजलं ते इथे टाकतोय, जाणकारांनी भर घालावी.

मुंबईत बांधकामाची नियमावली १९६७ ची, मग १९९१ ची डीसीआर, आणि २०१८ पासून डीसीपीआर २०३४. बाकी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून युडीसीपीआर. या सगळ्याच्या मागे नॅशनल बिल्डिंग कोड, जो पहिल्यांदा १९७० ला आला आणि शेवटचा मोठा सुधारला २०१६ ला. पण हा एनबीसी आपोआप लागू होत नाही, राज्याने किंवा पालिकेने तो आपल्या नियमात घेतला की मगच बंधनकारक. आणि मुख्य मुद्दा असा की नवीन नियम येतो तो नवीन प्लॅनला लागतो. जिना रुंद हवा, दुसरा जिना हवा, रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी थांबायची सुरक्षित जागा) हवा, हे सगळं पुढच्या टॉवरला. आमची बिल्डिंग ८६ सालची, ती तिच्या जन्मसालाच्या नियमातच राहणार जोपर्यंत रिडेव्हलपमेंट होत नाही.

जुन्या इमारतींना खरंच हात घालणारे दोनच कायदे मला सापडले. एक, २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. यात यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची म्हणजे सोसायटीत आपलीच, आणि दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून तपासून फॉर्म बी (यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) द्यायचा. दुसरा, मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३५३ ब, म्हणजे ३० वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (बाकी महापालिकांना त्यांच्या कायद्यात २६५ अ आहे).

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. एजन्सीचा माणूस आला, गेटवर सेक्रेटरीची सही घेतली, पंपरूम उघडायला सांगितली नाही, पंप चालू केला नाही, आणि दोन दिवसांनी ईमेलवर फॉर्म बी आला की सगळी यंत्रणा सुस्थितीत आहे. मी स्वतः जाऊन पंप चालू करायला गेलो तर डिझेल पंपाची बॅटरी मेलेली. हा कागद पालिकेत जमा होणार होता आणि तिथे तो खरा धरला जाणार होता. मला झोप आली नाही हो, कारण त्या कागदावर आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांचा जीव टांगलेला आहे.

तुमच्याकडे हे कसं चालतं? नियम बदलण्याच्या प्रक्रियेत आपल्याला काही बोलता येतं का? जुन्या इमारतींचं काय करायचं?

---

मीनल_प

अगदी आमच्याकडचीच कथा. एजन्सी निवडताना जनरल बॉडीत एकच प्रश्न असतो, सगळ्यात स्वस्त कोण. आणि जो एजन्सीला पैसे देतो त्याचीच तपासणी एजन्सी करते, म्हणजे खरं लिहिलं तर पुढच्या वर्षी काम जाणार. यात बदल व्हायला हवा असं मला फार वाटतं.

---

आरसीसी_वाला

चांगला धागा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, ऑडिटचं काम करतो, त्यामुळे त्या बाजूचं लिहितो.

टेरेसवाला, ३५३ ब मध्ये ३० वर्षांनंतर पहिलं आणि मग दर १० वर्षांनी असं आहे, पण गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत याहून कडक आहे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ५ वर्षांतून एकदा आणि ३० च्या वर दर ३ वर्षांनी. हे बहुतेक कमिट्यांना माहीतच नसतं.

ऑडिट म्हणजे काय करायचं असतं ते लोकांना कळलं तर खोटं ऑडिट लगेच ओळखू येईल म्हणून सविस्तर लिहितो. नुसतं फिरून भेगांचे फोटो काढले तर ते ऑडिट नाही. रिबाउंड हॅमर मारायचा, पण तो फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगतो. मग यूपीव्ही, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून वेग मोजायचा. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली आला तर संशयास्पद. मग हाफ सेल, त्यात आतल्या सळईला गंज चढतोय का ते व्होल्टेजवरून कळतं, उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं की गंजाची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. आणि गरज पडली तर कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून लॅबमध्ये फोडायचा.

एक टेस्ट मी नेहमी सोसायटीच्या लोकांना बोलावून त्यांच्यासमोर करतो. कॉलमचं थोडं कव्हर (सळईवरचं काँक्रीट) फोडायचं, धूळ झटकायची आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थेलिनचं पाणी फवारायचं. काँक्रीट निरोगी असेल तर भडक गुलाबी होतं. कार्बोनेशन झालं असेल, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कली संपली असेल, तर रंगच येत नाही. मागे एका बिल्डिंगमध्ये स्टिल्टच्या (खालच्या मोकळ्या पार्किंगच्या) कॉलमवर फवारलं तर सळईपर्यंत कुठेच गुलाबी नाही, सळईच्या मागे गेल्यावर कुठे फिकट रंग दिसायला लागला. म्हणजे सळईला जे अल्कलीचं संरक्षण असतं ते संपलेलं. तिथे उभ्या असलेल्या आजोबांनी विचारलं, म्हणजे आता काय? मी म्हटलं, काका, आधी कॉलमला प्रॉप (टेकू) लावा, मग बोलू. त्याआधी चार मीटिंगा झाल्या होत्या आणि दुरुस्ती फंडाला कोणी तयार नव्हतं, त्या दिवशी सगळे तयार झाले.

रिपोर्टच्या शेवटी वर्गवारी असते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. या वर्गवारीवरच सगळं भांडण असतं. मालकाला रिडेव्हलपमेंट हवी असेल तर त्याचा इंजिनिअर सी-१ देतो, भाडेकरूंचा इंजिनिअर सी-२ब देतो, आणि एकाच इमारतीचे दोन टोकाचे रिपोर्ट पालिकेकडे जातात. मग ते पालिकेच्या टेक्निकल ॲडव्हायझरी कमिटीकडे जातं. माझं स्पष्ट मत आहे की टेस्टचे आकडे रिपोर्टला जोडलेले नसतील तर पालिकेने तो रिपोर्ट दारातूनच परत पाठवावा.

आणि कृपया घरात रिनोव्हेशन करताना कॉलम, बीमला हात लावू नका. घाटकोपरला तळमजल्यावर नर्सिंग होमचं काम चालू होतं हे सगळ्यांनी वाचलं होतं, तरी आजही मला फोन येतात की किचन मोठं करायचंय, हा कॉलम थोडा तासला तर चालेल का.

---

नलूताई

तुम्ही सगळे सोसायटीवाले बोलताय, मी पागडीच्या इमारतीत राहते. आमच्याकडे भीती वेगळी आहे.

३५४ ची (धोकादायक इमारत रिकामी करायची) नोटीस आली की पाणी तोडतात, लाईट तोडतात, पोलीस येतात. लोक पेपरात लिहितात की रहिवासी धोकादायक इमारत सोडत नाहीत, बेफिकीर आहेत. अहो बेफिकीर कोण असेल, पाऊस लागला की रात्रभर आम्ही जागे असतो, प्लास्टर पडलं तर लेकरं आधी बाहेर काढतो. पण घर सोडलं की परत मिळेल याची खात्री कोण देणार? आमच्या समोरची इमारत पाडली, तिथले लोक ट्रान्झिटमध्ये, म्हणजे संक्रमण शिबिरात, गेले, पोरं मोठी झाली, लग्नं झाली, इमारत अजून नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. मुंबई हायकोर्टाने २०१४ साली मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात पाडण्याआधी पालिकेने भाडेकरूंची यादी आणि कोणाची किती चटई क्षेत्रफळाची जागा आहे याची नोंद करायची आहे. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. ती नोंद झालेला कागद हातात आल्याशिवाय खोली रिकामी करू नका, आणि तो हातात आला की मात्र एक दिवस थांबू नका. आमच्या मजल्यावर मी हे प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगितलंय.

---

आरसीसी_वाला

नलूताई, खूप महत्त्वाचं लिहिलंत. आम्ही रिपोर्टमध्ये सी-१ लिहितो तेव्हा पुढे माणसांचं काय होतं हे आमच्या कागदात कुठेच नसतं. मी तर म्हणेन की पर्यायी घराची सोय हा सुद्धा सुरक्षेच्या नियमाचाच भाग असायला हवा, नाहीतर नोटीस बजावूनही इमारत भरलेलीच राहते.

---

जिना_नंबर_दोन

मी बरीच वर्षं फायर सिस्टीमच्या मेंटेनन्सच्या कामात होतो, आता सोडलं. टेरेसवाला यांनी लिहिलंय ते सर्रास चालतं. तुम्ही सही करण्याआधी स्वतः काय बघायचं ते सांगतो, यात काही इंजिनिअरिंग लागत नाही.

पंपरूममध्ये जा आणि पॅनेलवरचा सिलेक्टर बघा. तो ऑटोवर पाहिजे. निम्म्या ठिकाणी तो मॅन्युअलवर किंवा ऑफवर असतो कारण पाइपात गळती असते, प्रेशर उतरतं, जॉकी पंप (प्रेशर टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू होतो आणि वॉचमनला आवाजाचा त्रास होतो म्हणून तो बंद करून ठेवतो. आग लागली की सगळ्यात वरच्या मजल्यावर कोणी व्हॉल्व्ह उघडला तर हवा येते फक्त. दुसरं, प्रत्येक मजल्यावरचा होज बॉक्स उघडून बघा, आत ब्रांच पाइप म्हणजे पितळी नोझल आहे का. पितळेला भाव आहे त्यामुळे ते चोरीला जातं आणि काच तशीच लावलेली असते, बाहेरून काही कळत नाही. तिसरं, फायरची टाकी वेगळी आहे का, की उन्हाळ्यात पाणी कमी पडलं म्हणून तिच्यातूनच पिण्याच्या लाईनला जोडून घेतलंय. चौथं इलेक्ट्रिकचं डक्ट. तिथे चपलांचे खोके, जुनी वर्तमानपत्रं, सायकली. डक्ट पेटलं की ते धुराड्यासारखं काम करतं, धूर मिनिटांत वरच्या मजल्यांवर आणि जिन्यात येतो, आणि माणसं बहुतेक वेळा धुरानेच जातात, जाळापर्यंत पोचायच्या आधी. कमला मिल्सला २०१७ मध्ये १४ जण गेले त्यातले बरेच वॉशरूममध्ये गुदमरून गेले.

गोरेगावला ऑक्टोबर २०२३ मध्ये जय भवानी इमारतीत रात्री तीनच्या सुमारास आग लागली ती पार्किंगमध्ये, तिथे जुन्या कपड्यांचे गठ्ठे होते. पार्किंगमध्ये सामान ठेवू नये हे सांगायला कोणता नवीन नियम पाहिजे?

एजन्सीच्या पोरांना दोष द्या पण थोडं समजून घ्या, त्यांना दिवसाला इतक्या बिल्डिंगा दिलेल्या असतात की पंप चालवून बघायला वेळच नसतो. सोसायटीने अट घाला, सगळ्यात वरच्या मजल्यावरून पाणी सोडून दाखवा आणि मगच बिल.

---

पश्चिम_द्रुतगती

नियम बदलण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, मी आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे.

डीसीपीआरमध्ये बदल करायचा तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली करावा लागतो. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते, हरकती व सूचनांसाठी महिनाभर मिळतो, सुनावणी होते, मग सरकारची मंजुरी. म्हणजे बोलायची जागा आहे. पण तिथे येतं कोण? बिल्डरांच्या संघटना येतात, आमच्यासारखे आर्किटेक्ट येतात, आणि ९५ टक्के हरकती एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं), पार्किंग, प्रीमियम (त्यासाठी भरायचं शुल्क) यावर. जिना किती रुंद असावा, यावर राहणाऱ्या माणसाची हरकत मी बघितलेलीच नाही. आणि सरकारला घाई असेल तर कलम १५४ खाली निर्देश देऊन बदल आधी लागू होतो, हरकती मागाहून.

सुरक्षा आणि चटई क्षेत्र यांची ओढाताण बघायची असेल तर मोकळ्या जागेचा विषय बघा. इमारतीच्या बाजूने बंब फिरायला ६ मीटर जागा लागते. रिडेव्हलपमेंटमध्ये प्लॉट लहान म्हणून ती जागा सवलतीत कमी कमी करत गेले, काही ठिकाणी दीड मीटरवर आली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये कोहिनूर सीटीएनएलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ही जागा सोडलीच पाहिजे, बंब आत गेलाच नाही तर माणसं वाचणार कशी. त्यानंतर कितीतरी प्रोजेक्ट अडले, आमच्या ऑफिसातले पण अडले, क्लायंट चिडले होते. पण निर्णय बरोबरच होता, मी तेव्हाही हेच म्हणत होतो. मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटरची शिडी आहे, पण ती उभी करायला खाली जागाच नसेल आणि गेटवर दुहेरी पार्किंग असेल तर ती शिडी रस्त्यावरच राहणार.

---

हडसनकाठी

मी जर्सी सिटीत राहतो, काम न्यूयॉर्कमध्ये. इथली एकच गोष्ट सांगतो कारण ती या चर्चेत बसते. १९७९ साली मॅनहॅटनमध्ये एका इमारतीचा तुकडा पडून एक कॉलेजची मुलगी गेली. १९८० मध्ये शहराने कायदा केला की सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींच्या दर्शनी भागाची दर ५ वर्षांनी तपासणी, १९९८ मध्ये तो आणखी कडक केला, तोच लोकल लॉ ११. तो जुन्या इमारतींनाही लागू होतो, शंभर वर्षांच्या सुद्धा. असुरक्षित ठरली की फुटपाथवर लगेच छत उभारावं लागतं. आणि कोणत्या इमारतीचा रिपोर्ट काय आला ते कोणीही ऑनलाइन बघू शकतं, घर भाड्याने घेण्याआधी मी बघितलं होतं.

इथेही सगळं नीट नाही, ती छतं वर्षानुवर्षं तशीच राहतात कारण दुरुस्तीपेक्षा छताचं भाडं स्वस्त पडतं. पण रिपोर्ट सगळ्यांना दिसतो हा फरक मला फार मोठा वाटतो.

---

सडेतोड_सातारकर

परदेशाची उदाहरणं देऊन काही होणार नाही. मुळात जी इमारत अनधिकृत आहे तिला कसला कोड आणि कसला फॉर्म बी? विरारची रमाबाई अनधिकृत, मुंब्र्याची अनधिकृत. कल्याण डोंबिवलीत ६५ इमारतींना खोट्या परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली आणि हायकोर्टाने पाडायला सांगितलं, त्यात लोकांनी कर्ज काढून घरं घेतलीत. नियम सुधारत बसण्यापेक्षा पहिला स्लॅब पडतोय तेव्हाच थांबवा. पालिकेच्या माणसाला तो दिसत नाही असं होऊच शकत नाही.

---

टेरेसवाला

सातारकर, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण "काही होणार नाही" हे मला मान्य नाही. अनधिकृत इमारत आणि अधिकृत पण न तपासलेली इमारत हे दोन वेगळे रोग आहेत. ताडदेवची २० मजली इमारत अधिकृत होती, जानेवारी २०२२ मध्ये आग लागली तेव्हा आतली यंत्रणा चालू नव्हती. तिथे राहणारी माणसं मेंटेनन्स भरत होती, कायदा पण होता. जे कमी पडलं ते प्रत्यक्ष बघणं.

हडसनकाठी यांनी लिहिलंय त्याबद्दल. आपल्याकडे पावसाळ्याआधी पालिका अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते, म्हाडा उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची करते. म्हणजे यादी जाहीर करायची पद्धत आहेच. मग त्याच पद्धतीने फॉर्म बी आणि ऑडिटची वॉर्डवार यादी टाकायला काय हरकत आहे? कोणी दिला, कोणी नाही, कोणत्या एजन्सीने सही केली. एकाच एजन्सीने एका दिवशी चाळीस बिल्डिंगा तपासल्या असं यादीत दिसलं तर कोणालाही कळेल.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे ६ डिसेंबर २०२५ ला मध्यरात्रीच्या सुमारास हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, २५ जण गेले, त्यात बरेच तिथे काम करणारे होते. नंतर परवाने कोणाकडे होते, कोणी दिले, पाडायचा आदेश होता की नाही, यावरच सगळी चर्चा. किचनमध्ये, तळघरात काम करणाऱ्या पोरांना बाहेर पडायची वाट कुठली हे कधी दाखवलं होतं का, हे कोणी विचारत नाही. टेरेसवाला यांची यादीची कल्पना हॉटेल आणि क्लबना पण लागू करा. दारावरच लावा, आत जाणाऱ्याने वाचावं.

---

मीनल_प

मला एक शंका आहे. आम्ही भाड्याने राहतो. सेक्रेटरी फॉर्म बी दाखवत नाहीत, म्हणतात तुम्ही मेंबर नाही. भाडेकरूला मागता येतो का?

---

पश्चिम_द्रुतगती

मीनल, २००६ च्या कायद्यात जबाबदारी मालक आणि भोगवटादार दोघांवर आहे आणि भाडं देऊन राहणारा भोगवटादारात येतो, त्यामुळे "तुम्ही मेंबर नाही" हे उत्तर बरोबर नाही. आधी सोसायटीला साधं पत्र द्या, पोच घ्या. नाही दिला तर अग्निशमन विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा, इमारतीचं नाव, पत्ता, जानेवारीचा की जुलैचा फॉर्म बी ते स्पष्ट लिहा, आणि एजन्सीचा परवाना क्रमांक पण मागा. यंत्रणा बंद असेल तर तक्रारही तिथेच करता येते, नोटीस देऊनही ऐकलं नाही तर पाणी, वीज तोडायचे अधिकार त्यांना कायद्याने आहेत.

---

टेरेसवाला

सगळ्यांचे आभार. जिना_नंबर_दोन यांनी सांगितलेली अट आम्ही कमिटीच्या ठरावात घातली आहे, जुलैच्या तपासणीला वरच्या मजल्यावरून पाणी सोडून दाखवायचं, ज्यांना यायचं त्या सगळ्या रहिवाशांनी यायचं आणि व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. जुन्या एजन्सीने नकार दिला, नवीन बघतोय. डिझेल पंपाला बॅटरी बसली.

वॉर्डवार यादीच्या मागणीचं पत्र मी लिहायला घेतलंय, आयुक्त आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी दोघांना. आरसीसी_वाला, टेस्टचे आकडे जोडल्याशिवाय रिपोर्ट घेऊ नये हा परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का? नलूताई, चटई क्षेत्राच्या नोंदीचं तुम्ही लिहा, तुमच्याच शब्दांत.

---

नलूताई

लिहिते. उद्या संध्याकाळी पाठवते, आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन.